तिसऱ्याची वाट

"अगदी बरोबर," आजोबा म्हणाले, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी खाली माना घालून ते लिहून घेतलं. लिहून घेतलं ते तिनं बोललेलं वाक्य होतं. हे लक्षात यायला तिला एक क्षण लागला, आणि आलं तशी ती हबकली. कारण त्या खोलीत ज्या एकाच माणसाला उपग्रहातलं ओ की ठो कळत नव्हतं, तो माणूस तीच होती. करारबाई. खात्यात सगळे तिला तेच म्हणायचे, आधी पाठीमागे आणि हल्ली तोंडावरही. लष्कराच्या अवकाश खात्यानं कोणाकडून काय विकत घ्यायचं, कुठल्या शब्दांत घ्यायचं आणि पुढे भांडण झालंच तर कुठल्या कलमावर बोट ठेवायचं, एवढंच तिचं काम. बैठकीत ती भिंतीकडेच्या खुर्चीत बसायची आणि बहुतेक वेळा खिडकीतून गाड्या उभ्या करायच्या जागेकडे बघत राहायची. आज आजोबांनी, म्हणजे यंत्रणा जोडून देणाऱ्या कंपनीच्या सगळ्यांत जुन्या इंजिनिअरनी, फळ्यावर चौकोन काढले, त्यांना बाण जोडले, एका चौकोनापाशी त्यांचा हात थांबला आणि त्यांनी वळून विचारलं, "दोन उपग्रह एकच जागा बघतायत. एक म्हणतो, आग दिसतेय, क्षेपणास्त्र सुटलं. दुसरा म्हणतो, छे, काही नाही. आपण खाली काय सांगायचं? तुम्हाला काय वाटतं?" नेहमी पहिलं उत्तर देणारा अँटेनावाला दाढदुखीनं घरी होता. आजोबांची नजर फिरत फिरत भिंतीपाशी आली. "बाई, आज तुम्ही सांगा." लोक हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिच्या तोंडून निघून गेलं, "तिसऱ्याची वाट बघायची."

आणि तिसरा नव्हताच. आकाशाच्या त्या भागात पूर्वी तीन उपग्रह होते हे खरं, पण तिसऱ्याचे डोळे गेले, मग बॅटरी गेली, आणि तो बंद करायचा करार तिनं स्वतःच लिहिला होता. तेव्हापासून दोघांवरच भागत होतं. म्हणजे उद्या खरोखर कोणी क्षेपणास्त्र सोडलं, दोघांचं जुळलं नाही, आणि यंत्रणा तिच्या सांगण्याप्रमाणे वागली, तर ती नसलेल्या तिसऱ्याची वाट बघत गप्प बसणार. खाली माणसं भाज्या चिरत असणार, मुलांना शाळेतून आणत असणार. बैठक संपल्यावर ती जिन्यापाशी कंपनीच्या एका इंजिनिअर बाईला गाठून उभी राहिली. कंपनीच्या माणसांच्या गळ्यातले पट्टे हिरवे, खात्याच्या माणसांचे निळे. एकाच मजल्यावर, एकाच कॉफीच्या यंत्रापाशी वर्षानुवर्षं काढल्यावर रंगाकडे कोणाचं लक्षही जात नसे. "तिसरा बंद झालाय ना हो?" तिनं शक्य तितक्या सहज विचारलं. "झालाय की." "मग मी म्हटलं ते..." हिरव्या पट्ट्याची बाई मायेनं हसली. "आजोबा बरोबर म्हणाले म्हणजे त्यांच्या डोक्यात काहीतरी असणार. कळेल आपल्याला मागाहून. तुम्ही छान बोललात." आणि ती खाली निघून गेली.

ती जागेवर येऊन बसली. टेबलावर तिच्या सहीची वाट बघत कंपनीला पुन्हा काम देण्याचा तो कागद पडला होता. नियम असा, की सरकारनं निविदा काढायची, चार जणांना विचारायचं आणि मग काम द्यायचं. पण एखादं काम जगात एकालाच येत असेल, तर ते तसं लिहून, कारणं देऊन, सही करून थेट त्यालाच देता येतं. करारबाईनं हा कागद पहिल्यांदा लिहिला तेव्हा तिचे केस काळे होते. बाकीच्या कंपन्या उपग्रह बनवत, अँटेना बनवत, संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत. ही कंपनी काहीच बनवत नसे. कोणाचं काय कोणाला कसं जोडायचं, आणि जोडल्यावर त्या सगळ्या लटांबरानं मिळून एकाच आवाजात कसं बोलायचं, एवढंच ती ठरवायची. हे दुसऱ्या कोणाला येत नाही, असं कागदात म्हटलं होतं. का येत नाही, तर कोणी केलेलं नाही. का केलेलं नाही, तर कोणाला दिलेलं नाही. दर खेपेला ती वाक्यं थोडी खालीवर करायची, पण वाक्यं तीच. आणि कागदात कुठेही लिहिलं नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं, की कंपनी म्हणजे आजोबा. बाकीचे येत, शिकत, चार पैसे जास्त मिळाले की दुसरीकडे जात. आजोबा राहिले.

लिहिलं तेव्हा ते खरं होतं, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिली. ती नवी होती आणि तिच्या वरिष्ठानं तो कागद तिच्या गळ्यात मारला होता. जे कळत नाही त्याबद्दल 'अन्य कोणालाही येत नाही' असं कसं लिहायचं, म्हणून ती कँटीनमध्ये कपाळाला हात लावून बसली होती. आजोबा (तेव्हा त्यांना आजोबा म्हणत नसत; तेव्हा त्यांना 'दाढी' म्हणत) समोर येऊन बसले, तिची बशी ओढून घेतली, शेजारच्या टेबलावरचे दोन कप मागून आणले, मिठाची बाटली मधे ठेवली. "ही बशी वर फिरतेय. हिला खालचा हा कप दिसतो. पण कप हिच्याशी बोलतो त्या भाषेत मिठाची बाटली बोलत नाही. आता भांडण लागलं. तुम्हाला काय वाटतं, कोणी माघार घ्यायची?" तिनं काहीतरी सांगितलं होतं, अगदी वेडगळ. तेव्हा ते 'बरोबर' म्हणाले नव्हते. हसून म्हणाले होते, "चूक. पण का चूक ते बघू." आणि तिचं जेवण पार गार होईपर्यंत तिला समजावलं होतं. त्या दुपारी तिला पहिल्यांदा वाटलं होतं की आपण कारकुनी करत नाही, आभाळाला टेकू देणाऱ्या माणसांत बसतो. त्या भरात तिनं कागद लिहिला. अन्य कोणी नाही. प्रत्येक शब्द मनापासून लिहिला होता.

चूक. हा शब्द त्यांच्या तोंडून शेवटचा कधी ऐकला होता? ती आठवू लागली, आणि तिला आठवेना. पूर्वी तर आजोबा चुकीला पाठ थोपटल्यासारखे चूक म्हणायचे. त्यांनी चूक म्हटलं नाही तर मुलं हिरमुसायची. अलीकडे बैठकीत ते फळ्यावर चौकोन काढतात, एका जागी थांबतात, वळतात आणि विचारतात. कोणीतरी सांगतं. ते म्हणतात, बरोबर. सगळे खूश. आजोबा किती मवाळ झाले, सगळ्यांना किती बोलतं करतात. कंपनीतले पोरगेसे इंजिनिअर तर त्यांची नक्कलच करू लागले होते. काही विचारायला गेलं की हनुवटीला हात लावून, 'तुम्हाला काय वाटतं?' ते थोर माणसाचं शिकवणं आहे हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. आणि त्या प्रश्नाला उत्तर कोण देत होतं? ती भिंतीपाशी बसून बघत आलेली होती. चेहरे तिला दिसत होते. अँटेनावाला. रडारच्या बाई. तळमजल्यावरचा तो घोगऱ्या आवाजाचा. सगळे निळे पट्टे. सगळे खात्याचे. हिरवे पट्टे परीक्षेच्या भीतीनं गुळणी धरून बसत आणि निळे पट्टे वर्गातल्या हुशार मुलांसारखे हात वर करत. म्हणजे खातं ज्या ज्ञानासाठी कंपनीला धरून होतं, ते खात्याचीच माणसं कंपनीला तुकड्यातुकड्यानं सांगत होती, आणि वर शाबासकी घेऊन जागेवर येत होती. आणि तिच्या कागदात लिहिलं होतं की खात्याकडे असं कौशल्य असलेलं मनुष्यबळ नाही. तिला हसू आलं, आणि लगेच विरलं.

कारण तो थांबलेला हात तिनं आधी पाहिला होता. स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, बरण्यांसमोर. आईचा. आई आयुष्यभर हुकूमशहा. पडदे कुठल्या रंगाचे इथपासून धाकट्यानं लग्न कोणाशी करायचं इथपर्यंत सगळं तिच्या मनानं व्हायचं. आणि मग एकाएकी आई लोण्यासारखी मऊ झाली. "आज काय करायचं गं? तुला काय वाटतं?" "हे कुठे ठेवू? तू सांग." सगळं घर सुखावलं. दादा लांबच्या शहरातून वर्षातून दोनदा यायचा, तो म्हणाला, "आई काय मस्त निवळलीय. ठणठणीत आहे." ती म्हणाली, "नाही रे, काहीतरी बिनसलंय." दोघं एकाच बाईकडे बघत होते आणि दोघांचं जुळत नव्हतं. मग ठरलं, दादाच्या ओळखीचे डॉक्टर सुट्टीवरून आले की त्यांना दाखवू. ते आले, गेले, पुन्हा आले. तोवर ती आईचं अडलेलं प्रत्येक वाक्य पुरं करत राहिली. शेजारीण आली की तिचं नाव आधी स्वतःच मोठ्यानं घ्यायची, म्हणजे आईला ते मिळावं. आई तिच्याकडे बघून हसायची, आणि त्या हसण्यात आभार असायचे असं तिला वाटायचं. शेवटी डॉक्टरांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तिला बाहेर बोलावून अगदी कौतुकानं म्हणाले, "तुम्ही त्यांना इतकं सांभाळून घेतलंत ना, म्हणून इतके दिवस कळलंच नाही." आई जाऊन वर्ष उलटलं. ते कौतुक अजून तिच्या कानात होतं, आणि आज तोंडातून निघालेलं ते वाक्य कराराच्या फायलीतून आलं नव्हतं, हे तिला आत्ता या खुर्चीत बसून कळत होतं. ते घरातून आलं होतं. तिसऱ्याची वाट बघायची.

साहेब स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आले, हे काही बरं लक्षण नव्हतं. "झाली का सही?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "साहेब, आजोबांची तब्येत बरी आहे ना?" "म्हणजे? सकाळीच तर भेटले. माझ्या मुलीच्या नोकरीचं विचारत होते." "किती वेळा विचारलं?" साहेब थबकले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, वय झालंय त्यांचं. दोनदा विचारलं, तर प्रेमानं विचारलं. तुम्ही आज सही केली नाहीत तर महिना संपल्यावर हिरव्या पट्ट्याच्या एकाही माणसाला फाटकातून आत येता येणार नाही. यंत्रणा वाऱ्यावर. ती जबाबदारी घेताय?" "आणि सही केली तर?" "तर काय? इतकी वर्षं करतोय ना आपण." "त्यांना येत नसेल तर?" साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं भर बैठकीत शिवी दिली. "त्यांना येत नसेल तर कोणाला येतं? आहे दुसरं कोणी?" दुसरं कोणी आहे का, हे खात्यानं खरोखर कधी कोणाला विचारलंच नव्हतं. नियमाप्रमाणे 'आणखी कोणाला हे काम येतं का' अशी एक जाहीर सूचना काढावी लागायची, पण ती अशा शब्दांत लिहिलेली असायची की वाचणाऱ्यानं वाटेला जाऊ नये. ते शब्दही तिचेच. "पाचपर्यंत पाठवा," साहेब म्हणाले आणि गेले. जाताना त्यांनी तिच्या टेबलावरची टाचण्यांची डबी उगाच सरळ केली.

सही करणं किती सोपं होतं. पेन तिथंच होतं. तिला एकच पटवायचं होतं स्वतःला, की ती काही डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही. एक थांबलेला हात आणि एक चुकीचं 'बरोबर', एवढ्यावर एका माणसाची आयुष्यभराची इभ्रत मातीत घालायची का? ते चुकून म्हणाले असतील. थट्टेत म्हणाले असतील. खरंच त्यांच्या डोक्यात काहीतरी असेल. आपण काय, बशी आणि कप. पण मग तिला ती लिहिणारी डोकी दिसू लागली, एकाच वेळी खाली वाकलेली. जे वाक्य आज वहीत गेलं ते पुढच्या आठवड्यात आराखड्यात जाणार, आराखड्यातून प्रोग्रॅममध्ये, तिथून वर. एकदा वर गेलं की ते कोणाचं वाक्य होतं हे कोणाला आठवणार? जो आठवणीत ठेवायचा, त्याचीच ही गत. ती उठली. कागद टेबलावरच ठेवला. फळा पुसून टाकू, एवढंच तिच्या मनात होतं. मूर्खपणाचं होतं, कारण सगळ्यांनी उतरवून घेतलं होतं, पण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

बैठकीच्या खोलीत आजोबा एकटेच बसले होते. टेबलापाशी, बाकीच्यांसारखेच फळ्याकडे तोंड करून. फळ्यावर त्यांच्या सुबक अक्षरात चौकोन होते, बाण होते, त्या एका चौकोनात 'तिसऱ्याची वाट' असं लिहिलं होतं आणि खाली कोपऱ्यात नेहमीप्रमाणे 'पुसू नये'. ते तो फळा वाचत होते. दुसऱ्या कोणाचा असावा तसा. ती शेजारच्या खुर्चीत बसली. "आजोबा," ती म्हणाली, "तिसरा कुठला?"

ते वळले. तेच हसू, तीच हनुवटीवर बोटं. "तुम्हाला काय वाटतं?"

इथं ती नेहमी बोलायची. आईच्या वेळी पापणी लवायच्या आत बोलायची. आता ती बोलली नाही. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, उशिरानं, जेव्हा काही उपयोग नव्हता तेव्हा: त्यांच्या वतीनं बोलू नका, थांबा. थांबणं इतकं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं. बाहेर कोणीतरी कॉफीच्या यंत्रावर हात आपटत होतं. आजोबांचं हसू तसंच राहिलं, मग ते नुसतं ओठांवर राहिलं, डोळ्यांतून गेलं. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. बोटं हनुवटीवरून खाली मांडीवर आली आणि पँटची शिवण चाचपू लागली. तिला उठून पळून जावंसं वाटलं. तिला त्यांचा हात धरावासा वाटला. ती बसून राहिली.

"सांगा ना," आजोबा म्हणाले. अगदी हळू.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं पुसलं नाही. "मला माहीत नाही, आजोबा. मला कधीच माहीत नव्हतं. तुम्ही बरोबर म्हणालात, पण ते चूक होतं."

"चूक," ते म्हणाले. तो शब्द त्यांनी तोंडात घोळवला, आणि त्यांचे खांदे सैल पडले. इतका वेळ ते खांदे ताठ होते हे तिला तेव्हाच कळलं. "मला वाटत होतं, कोणीतरी कधीतरी म्हणेल. कोणी म्हणेना. मी काहीही म्हणायचो हो. परवा मुद्दाम काहीतरी म्हटलं. तेही लिहून घेतलं." ते हसले, पण आता ते हसू त्यांचं होतं. "सगळं जात नाही. सकाळी बरंच असतं. मग एखादी जागा येते आणि तिथं नुसतं पांढरं."

"घरी माहीत आहे?"

"बायकोला वाटतं, मी आता तिचं ऐकायला लागलोय. खूश आहे ती."

मग आजोबांनी फळ्यातल्या त्या चौकोनाकडे बोट केलं, आणि जुन्या आवाजात, मिठाची बाटली मधे ठेवताना होता त्या आवाजात म्हणाले, "मला येत नाही. तुम्हाला येत नाही. मग कोणाला तरी विचारायला हवं." इतकं साधं वाक्य. त्या इमारतीत ते ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं.

"विचारायचं तर साहेबांना सांगावं लागेल," ती म्हणाली. "सगळं."

"सांगा. बायकोला मात्र मीच सांगेन. आज. उद्यावर टाकलं तर राहून जाईल."

तिनं तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, मी सही करत नाही. दुसरं कोणी नाही हे मला माहीत नाही, त्यामुळे मी ते लिहिणार नाही. चालू कराराला थोड्या मुदतीची वाढ मागू, तोवर हिरवे पट्टे आत येतील. आणि या वेळी खरंच विचारू. बाहेरही आणि आपल्याही माणसांना." साहेब म्हणाले, "त्या म्हाताऱ्याचा तरी विचार करायचा होतात." ती म्हणाली, "ते माझ्या शेजारी बसलेत." फोन बंद झाला. उद्या तिच्यावर काय काय येणार हे तिला स्पष्ट दिसत होतं: चौकशी, बदली, जिन्यात तोंड फिरवणारे लोक. आज वहीत गेलेलं वाक्य प्रत्येकाकडे जाऊन खोडायला लावायचं होतं, आणि प्रत्येकाला सांगायचं होतं की का. भीती कमी झाली नव्हती. फक्त आता ती नेमकी कशाची हे माहीत होतं.

आजोबा उठले, फडकं घेतलं आणि चौकोनातलं तिचं वाक्य स्वतः पुसलं, 'पुसू नये'च्या वर हात टेकवून, नीट, कडेपर्यंत. चौकोन रिकामा झाला. मग त्यांनी कोट घेतला, दिवा मालवायला बटणापाशी गेले, आणि तिथून सहज मागे वळून त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी आली.

"इथं काय होतं हो?" त्यांनी विचारलं.

उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. सवयीनं, मायेनं, अगदी ओठांपाशी. तिनं ते गिळलं आणि त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली.

"उद्या विचारू," ती म्हणाली.